चित्राची उजवी कड

मंत्रालयातल्या साहेबांना जेवायला दोन तास लागतात, हे एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला ठाऊक असायला हवं होतं. फाइल मांडीवर घेऊन बाकावर ताटकळण्यापेक्षा मी उठले आणि रस्त्यापलीकडच्या संग्रहालयात शिरले. बाहेर नोव्हेंबरची दिल्ली होती. धुराने डोळे चुरचुरत होते आणि भर दुपारी सूर्य इतका मवाळ झाला होता की त्याच्याकडे खुशाल टक लावून बघावं. आत निदान हवा बरी असेल, एवढ्याच आशेने मी तिकीट काढलं. कलेबिलेचं वेड मला नाही.

पहिल्या मजल्यावरच्या तिसऱ्या दालनात आमच्या घरातलं चित्र लावलेलं होतं.

'आमच्या घरातलं' हेच आधी मनात आलं, काय करणार! खरं चित्र हे, आणि आमच्याकडे होती ती त्याची छापील प्रत. लग्नानंतर दिल्लीला बदली झाली त्या वर्षी बाबांनी ती इथूनच आणली होती. मूळ चित्र मात्र आम्ही कधी पाहिलंच नाही. लहानपणी दोनदा बाबांबरोबर आले होते, तेव्हा 'स्टोअर में है' एवढंच उत्तर मिळालं होतं.

चित्र अगदी साधं आहे. एका घरातली बैठक, पांढरी गादी, लोड, पानाचं तबक, कोनाड्यात तांब्या. तीन पुरुष गंजिफा, म्हणजे जुने गोल पत्ते, खेळत बसले आहेत. एकाने अंगरख्याचे बंद सैल सोडलेत. दुसऱ्याच्या तोंडात हुक्क्याची नळी आहे आणि नजर हातातल्या गोल पानांवर. तिसऱ्याने पागोटं उतरवून मांडीवर ठेवलंय, आणि तो पानांवरून मान वर करून उजवीकडे बघतोय. आमच्या घरी त्याची नजर जिथे जायची तिथे लाकडी चौकट होती, आणि चौकटीपुढे भिंत.

इथे चित्र तिथे संपत नव्हतं. अजून चार बोटं होतं. त्या चार बोटांत एक दार होतं आणि दाराच्या उंबरठ्यात एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, एका हातात दिवा. दुसऱ्या हाताचा पंजा तिने ज्योतीपुढे आडोशाला धरला होता आणि बोटांच्या कडा आतून लाल दिसत होत्या. त्या तिसऱ्या माणसाच्या गालावरचा पिवळा उजेड तिच्या दिव्याचा होता. आमच्याकडे तो डाग छपाईतला दोष म्हणून प्रसिद्ध होता.

खालच्या पाटीवर लिहिलं होतं: 'गंजिफा खेळणारे तीन पुरुष. चित्रकार अज्ञात. एकोणिसावे शतक.' मी पाटी दोनदा वाचली. चित्रात चार माणसं होती.

"मॅडम, फोटो ले लो, कोई बात नहीं," कोपऱ्यातला गार्ड म्हणाला, "बस फ्लॅश मत मारना." मी बराच वेळ हलत नव्हते, म्हणून त्याला दया आली असावी. फोटो काढला आणि मधल्या बाकावर बसले. तो ज्योतीपुढचा हात मी आधी पाहिला होता. एकदा नाही, शेकडो वेळा पाहिला होता. कुठे, ते मात्र आठवेना.

आमचं सरकारी क्वार्टर किदवईनगरला होतं. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे अंगणाचा तुकडा आणि त्यात एक शेवगा. आता तिथे काचेच्या टॉवरांची रांग आहे आणि शेवगा कुठल्या लिफ्टखाली गेला, ते सांगता येत नाही. पण रविवारची दुपार म्हटली की माझ्या नाकाला अजून तीच खोली लागते. उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, थंडीत शेगडीतल्या कोळशाचा, आणि बारा महिने शेख काकांच्या भाजक्या सुपारीचा. या सगळ्याखाली एक मंद, गोडसर, जुनाट वास असायचा. तो गंजिफांवरच्या लाखेचा.

गंजिफा आईच्या माहेरच्या, सावंतवाडीच्या. एकशेवीस गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, वर रंगीत सरकतं झाकण असलेली लाकडी पेटी. तिच्या वडिलांनी तिला लग्नात दिलेली ही एकच वस्तू ती स्वतःच्या हाताने दिल्लीपर्यंत घेऊन आली होती; ट्रंकेत ठेवायला तयार नव्हती, म्हणे. पण खेळायचे मात्र बाबा, रेल्वेतले पेंडसे काका आणि भाषांतर खात्यातले, मूळ मिरजेचे शेख काका. गंजिफाला तीनच माणसं लागतात. तीन झाली की खोलीचं दार आपोआप लागल्यासारखं व्हायचं.

त्या चित्राखालीच ते बसायचे आणि पहिला अर्धा तास चित्रातल्या माणसांची टिंगल करण्यात जायचा. बंद सोडलेला तो पेंडसे काका, कारण जेवण झालं की तेही पँटचं बटण सैल करायचे. हुक्केवाला शेख काका. आणि मान वर करणारे बाबा.

"हा बघतोय कुणाकडे पण?" दर दोन-चार आठवड्यांनी कुणीतरी विचारायचंच.

"उतारी सुचत नाहीये यार त्याला," पेंडसे काका म्हणायचे. "म्हणून पळायला दार शोधतोय."

"जावई आले असतील," शेख काका म्हणायचे. "आता खेळ आवरून उठावं लागणार, बघा ना चेहरा."

बाबांचं उत्तर ठरलेलं. "चित्रकाराकडे बघतोय. आपलं चित्र काढतायत हे त्याला एकट्यालाच कळलंय." मग स्वतःच्या हुशारीवर ते खूश होऊन पानं पिसायला घ्यायचे.

एकदा आई चहाचे कप ठेवायला वाकलेली असताना हे चाललं होतं. ती सहज म्हणाली, "दिव्याकडे बघतोय."

"वहिनी, दिवा कुठाय चित्रात?" पेंडसे काका मोठ्याने हसले. बाबाही हसले. आईने कप ठेवले, रिकामी बशी उचलली आणि गेली. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मलाही हसू आलं होतं, हे लिहायला हवं.

शेख काका वर्षातून दोन महिने मिरजेला जायचे. मग तिसरं माणूस कुठून आणायचं? बाबांनी मला शिकवलं. 'बिल्कुल मुलासारखं डोकं आहे हिचं,' असं ते पेंडसे काकांना सांगायचे आणि माझी छाती फुगायची. माझ्या मुठीत चाळीस गोल पानं मावायची नाहीत, मी ती फ्रॉकच्या ओच्यात पसरून बसायचे. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, रामाची माकडं, कृष्णाच्या गाई. बारीक कुंचल्याने काढलेल्या त्या गाईंचे डोळेसुद्धा मला पाठ होते. आई मधल्या दारातून ये-जा करायची. तिला कुणी 'बस' म्हटलेलं मला आठवत नाही. मी तर नाहीच म्हटलं. मला जागा मिळाली होती. ती जागा हलली असती तर?

या खेळाचा एक नियम मला फार आवडायचा. दिवसा ज्याच्या हातात रामाचा राजा, त्याची पहिली उतारी. दिवे लागले की रामाचा मान संपला, मग कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची. सावंतवाडीत हे सोपं असणार. दिवेलागण झाली की झाली. दिल्लीच्या जानेवारीत मात्र पंचाईत. चार वाजता धुकं उतरायचं, साडेचारला खिडकीबाहेरचा शेवगा दिसेनासा व्हायचा, आणि त्यात बत्ती गुल.

अशाच एका रविवारी वीज गेली. नवा डाव नुकताच वाटून झाला होता. शेख काका गावाला, म्हणून तिसरी मी. आई पेटवलेला कंदील घेऊन दारात आली आणि थांबली. बाबा तेवढ्यात रामाच्या राजाने उतारी करत होते.

"दिवा लागला की हो," आई म्हणाली. "आता कृष्णाची उतारी."

बाबांचा हात वरच राहिला. त्या दिवशी ते सारखे हरत होते. "सूर्य मावळायला पाऊण तास आहे," ते म्हणाले. "पेपरात छापलंय. वीज गेली म्हणजे रात्र होते का?"

"दिवा घरात आला की रात्र. आमच्याकडे असंच खेळतात."

पेंडसे काका माझ्याकडे बघून मिस्कील हसले. कृष्णाचा राजा त्यांच्याकडे असणार. बाबांच्या कानशिलाची शीर उडायला लागली होती, आणि मला, त्यांच्या बाजूच्या खेळाडूला, काहीतरी बोलणं भाग वाटलं.

"आई, तुला काय कळतं गं त्यातलं?"

बाबा खळखळून हसले. ताण सुटला. पेंडसे काका म्हणाले, "चलो, निकाल लागला." आणि बाबांनी रामाचा राजा टाकला.

आईने कंदील खाली ठेवला. काच काळवंडू नये म्हणून वात थोडी उतरवली, आणि ती गेली. रुसलीबिसली नाही. रात्री मला गरम पोळी वाढली. फक्त त्यानंतर ती दिवा घेऊन खोलीत कधी आली नाही. वीज गेली की कंदील उंबरठ्यावर ठेवायची आणि आतून कुणीतरी उठून तो ओढून घ्यायचं. असं किती वर्षं चाललं, ते मी कधी मोजलं नाही. आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही, आणि आज मला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते.

त्याच वर्षीचा मे महिना. शाळा अर्ध्यातून सुटली. लूचे गरम वारे चालले होते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी मागच्या दाराने आत आले तर आई स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून बसली होती. समोर गंजिफा तीन ठिकाणी वाटलेल्या. ती एका जागेवरचं पान टाकायची, मग सरकून दुसऱ्या जागेवर बसायची, ती पानं हातात घ्यायची, विचार करायची, टाकायची, मग तिसरीकडे. तिघांचा खेळ एकटी खेळत होती. तिची बोटं इतकी झरझर चालत होती की बाबांचा खेळ मला त्या क्षणी बाळबोध वाटला. चेहरा असा होता की मी तो घरात कधी पाहिला नव्हता. मी दप्तर ठेवलं, तशी तिने दचकून पानं गोळा केली.

"मोजत होते गं," ती म्हणाली. "एकशेवीस आहेत का बघत होते."

मी विश्वास ठेवला. तसं करणं सोयीचं होतं. "भूक लागलीय," असं म्हणून तिला उठवलं.

मग ती कपाटावरची पाककृतींची वही काढून काहीतरी बघायला लागली, आणि इथे, संग्रहालयाच्या बाकावर, मला तो हात सापडला. आईची निळ्या पुठ्ठ्याची वही. खतखतं, धोंडस, आंबोळ्या, सगळं तिच्या बुटक्या अक्षरात. वहीत खुणेसाठी एक लांबट, चार बोटं रुंदीचा कागद असायचा. त्याच्यावर हिरव्या लुगड्यातली एक बाई. कडेला तेलाचे डाग पडलेले, पण ज्योतीपुढचा पंजा स्वच्छ. मी लहान असताना विचारलं होतं, "ही कोण गं देवी?"

"देवी नाही," आई म्हणाली होती. "दिवा घेऊन आलीय बिचारी."

मी फाइल साहेबांच्या शिपायाकडे दिली आणि घरचं कारण सांगून मेट्रोची ब्लू लाइन पकडली. बाबा द्वारकेला असतात, एकटेच. आईला जाऊन चौदा महिने झाले. मी फरीदाबादहून दर शनिवारी जाते, फ्रिज बघते, औषधं बघते आणि परत येते. शनिवार नसताना आलेली बघून ते घाबरले.

"काय गं, सगळं ठीक ना?"

"अच्छा, आधी सांगा," मी चपला काढता काढता म्हटलं. चित्र तिथेच होतं, सोफ्याच्या वर. "तो तिसरा कुणाकडे बघतोय?"

त्यांच्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं. पेंडसे काका गेले, शेख काका मिरजेला आहेत आणि फोनवर त्यांना ऐकू येत नाही. हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. "चित्रकाराकडे," ते म्हणाले.

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी नेला. खाली सोसायटीत कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पिक-पिक आवाज येत राहिला.

"फ्रेम लहान निघाली होती," बाबा शेवटी म्हणाले.

"म्हणजे?"

"तयार फ्रेम आणली होती मी. चित्र मावेना. मग कात्रीने..." ते थांबले. "तिने विचारलं होतं, उजवीकडून का कापताय? डावीकडून कापा, तिथे नुसती भिंत आहे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "म्हटलं, उजवीकडे कुणी खेळत नाहीये."

मी स्वयंपाकघरात गेले. निळी वही डब्यांच्या मागे होती. तिला चौदा महिन्यांत कुणी हात लावला नव्हता. बाईची ती कागदी पट्टी खतखत्याच्या पानात होती. भिंतीवरचं चित्र उतरवलं, मागचे खिळे वाकवून कागद बाहेर काढला आणि टेबलावर पट्टी त्याला भिडवली. अर्ध्यावर एका ठिकाणी कात्री घसरली होती, तिथला वाकडा दात दाताला बसला. लोडाचा तुटलेला कोपरा पुरा झाला. आमचा कागद उन्हाने पिवळा पडला होता. वहीतली बाई मात्र अजून हिरवीगार होती. तो माणूस सरळ तिच्याकडे बघत होता.

"तिला माहीत होतं," बाबा म्हणाले. "आम्ही सगळे बडबडत होतो, आणि तिला माहीत होतं. मग दाखवलं का नाही तिने? वही आणून समोर टाकायची ना!"

मलाही तोच राग आला होता, मेट्रोत सगळा वेळ. एकदा ठणकावून बोलली असती तर? पण ती बोलली होती. 'दिव्याकडे बघतोय' म्हणाली होती. 'आता कृष्णाची उतारी' म्हणाली होती. दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं, आणि दुसऱ्या वेळी तिला गप्प बसवणारी मी होते. हे मी बाबांना सांगितलं. त्यांना तो रविवार आठवतच नव्हता. मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

"पेटी काढ," थोड्या वेळाने ते म्हणाले.

पेटीचं झाकण सरकवल्याबरोबर लाखेचा वास आला. मी पुढच्या खोलीत सतरंजी घातली. बाबांना खाली बसायला पाच मिनिटं लागली. त्यांचे हात थरथरतात, तरी पानं त्यांनीच वाटली, सवयीने, तीन ठिकाणी. चाळीस त्यांना, चाळीस मला. तिसरा वाटा आमच्या दोघांच्या मधे, उलटा पडून राहिला. तो उचलायचा कुणी, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

बाबा पानं डोळ्यांजवळ नेऊन एकेक लावत होते. "रामाचा राजा आहे माझ्याकडे," ते म्हणाले आणि थांबले. गॅलरीच्या काचेकडे बघितलं. बाहेर धूर होता, करडा, सगळीकडे सारखा. सूर्य आहे की गेला, काही कळायला मार्ग नव्हता. "दिवस आहे ना गं अजून?"

मी कृष्णाचा राजा आपल्या पानांत शोधला. नव्हता. म्हणजे तो त्या तिसऱ्या ढिगात होता.

मी पानं खाली ठेवून आत गेले. देवापाशी आईचं निरांजन होतं, तळाशी वाळून काळी झालेली वात. नवी वात केली, तूप घातलं, पेटवलं. गॅलरीचं दार उघडं राहिलं होतं. वारा आला आणि ज्योत लवली, म्हणून मी दुसरा पंजा पुढे धरला. द्वारकेच्या फ्लॅटला उंबरठा नाही. फरशीचा रंग बदलतो तिथे मी उभी राहिले.

बाबांनी पानांवरून मान वर केली आणि उजवीकडे बघितलं. गालावर उजेड पडला. क्षणभर त्यांचा चेहरा इतका निवळला की मला मागे वळून बघावंसं वाटलं. मग त्यांना नीट दिसलं. दारात मीच होते.